नदीच्या मधोमध बंद पडणारी मोटर

दसऱ्याच्या सुट्टीत शाळा बंद असते आणि मला काम नसतं. ही परिस्थिती माझ्या नातेवाइकांच्या तब्येतीला चांगली नसते. मी प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका आहे, आदिलाबादला राहते, आणि ज्या गोष्टीची यादी झाली नाही ती गोष्ट अजून घडलीच नाही असं मानते. किराण्याची यादी, औषधांची यादी, कोणाच्या लग्नाला जायचं आणि कोणाला नुसता फोन करायचा याची यादी. नवरा म्हणतो, तू वर गेलीस की पुण्यानुमोदनाच्या जेवणाची यादी तूच करून ठेवलेली सापडेल. सापडेल. कपाटात, दुसऱ्या खणात.

त्या वर्षी सुट्टी लागली तशी मी जैनथची बस धरली आणि पुढे ऑटोनं दादाकडे गेले. दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. पैनगंगेच्या काठावरच्या आमच्या गावात एकटाच राहतो. वहिनी जाऊन चार वर्षं झाली होती. एकुलता मुलगा, म्हणजे माझा भाचा, हैदराबादला कॉम्प्युटरवर काहीतरी करतो. काय करतो ते त्यानं मला तीनदा सांगितलं आहे. शाळेत तीस वर्षं क्लार्की करून दादा रिटायर झाला. पेन्शन चालू होती, घर स्वतःचं होतं, चष्मा नवा होता. अशा माणसानं ओट्यावर बसून पेपर वाचावा. दादानं नाव घेतली.

नाव पत्र्याची. तिला मागून अडकवलेली मोटर कोण्या धरणावरच्या मासेमारांनी काढून टाकलेली. डोक्यावर डब्याएवढी टाकी, बाजूला ओढायची दोरी, खाली लांब दांडा आणि पाण्यात पंखा. वय विचारायची सोय नव्हती. रंग मुळात कोणता होता यावरही दोन मतं होती.

आमच्या आजोबांनी दुसऱ्यांची शेतं निंदली, वडलांनीही तेच केलं. आमच्या घरात कोणी नाव चालवली नव्हती. "लिहिनाऱ्या मानसाच्यानं इंजन चालते का कुठं," असं गाव म्हणालं होतं. दादानं सालभर चालवून दाखवलं. रोज सकाळी बारा बाया कापूस वेचायला पल्याड महाराष्ट्रात नेऊन सोडायच्या, संध्याकाळी आणायच्या. पुलावरून ऑटोनं गेलं तर दोन तास लागायचे. नावेनं पाव तास, तोही समोरचा काठ उभ्या दरडीचा म्हणून. उतरायची जागा वर, वळणापाशी होती.

मी पोचले त्या दिवशी नावेत बसून गंमत म्हणून पल्याड गेले आणि परत आल्यावर नाव साफ करायला घेतली. नऊ कामं निघाली. तळाचं पाणी काढायला डबा नव्हता, दोरखंड कुजला होता, बसायच्या फळीचा खिळा वर आला होता. शिवाय टाकीच्या झाकणातून पेट्रोल उडून माझ्या पदराला वास लागला होता. संध्याकाळपर्यंत नऊच्या नऊ कामांवर बरोबरच्या खुणा झाल्या. दादा काठावर उभा राहून पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर कृतज्ञता नव्हती, पण मी तिची अपेक्षाही धरत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बारा बाया, दादा आणि मी निघालो आणि नदीच्या मधोमध मोटर दोनदा खोकली आणि गप्प झाली.

वेचणीच्या बायांची एक मुकादमीण होती. पन्नाशीची, बारीक, दात पुढे, आणि जीभ दातांच्याही पुढे. ती म्हणाली, "काऊन भाऊ, पेन्शनीत गेलं काय इंजन?"

दादानं टाकीचं झाकण उघडून आत पाहिलं. पेट्रोल होतं. झाकण लावलं, प्लग काढून लुगड्याच्या चिंधीनं पुसला, परत बसवला, दोरी ओढली. मोटर लगेच सुरू झाली.

"प्लग होता," दादा म्हणाला.

मी वही काढली. तारीख, वेळ, जागा, उपाय, शेरा. पाच रकाने आखले. उपायाच्या रकान्यात 'प्लग' लिहिलं.

परतताना ती पुन्हा बंद पडली. दादानं झाकण उघडून पेट्रोल पाहिलं, मग कार्बोरेटरवर पान्यानं दोन टकटक केल्या. चालू झाली. 'कार्बोरेटर', मी लिहिलं. संध्याकाळी तिसऱ्यांदा. झाकण उघडलं, पेट्रोल पाहिलं, मग पेट्रोलची नळी हलवली. चालू. 'नळी'.

चार दिवसांत अकरा नोंदी झाल्या आणि नऊ वेगवेगळे उपाय लागू पडले. एकदा तर दादानं तिला नुसती आईवरून शिवी दिली आणि दोरी ओढली, तर चालू. मी उपायाच्या रकान्यात 'शाब्दिक' असं लिहिलं.

"मोटर याच्या आंधी अशी बंद नव्हती पडत," दादा एका रात्री जेवताना म्हणाला.

"तू लिहून ठेवत नव्हता, दादा. पडत असेल. नोंद नाही म्हणून तुला आठवत नाही."

तीस वर्षं नोंदी ठेवलेल्या माणसाला हा मुद्दा खोडता येत नाही. मला फार बरं वाटलं. आज ते वाक्य आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात.

बायांमध्ये मतं पडली होती. मोटर बहुतेक वेळा नदीतल्या काळ्या खडकाच्या आसपास बंद पडायची, तर तिथं खोल डोह आहे आणि डोहात काय आहे हे सगळ्यांना माहीत आहे, असं एकीनं सांगितलं. काय आहे ते मात्र कोणी सांगेना. मुकादमीण म्हणाली, "एक नारळ फोडून टाका ना भाऊ. तुमचा बुद्ध काई रागावत नाई, लय शांत मानूस हाय तो." दादा म्हणाला, नारळाचे पैसे वाचवून प्लग घेतो. तिनं दुसऱ्या दिवशी स्वतःचा नारळ आणून खडकापाशी फोडला. मोटर खडक ओलांडून गेली, बाया ओरडल्या, आणि वीस हातांवर जाऊन ती बंद पडली. खोबरं मात्र गोड होतं.

मग जैनथहून मेकॅनिक आणला. तो स्कूटरांचा. बोटीची मोटर त्यानं पहिल्यांदाच पाहिली होती आणि हे त्यानं कबूल केलं नाही यावरूनच ते कळलं. "कचरा है मॅडम, कार्बोरेटर में पूरा कचरा," असं म्हणत त्यानं सगळं उलगडून सतरंजीवर मांडलं, पेट्रोलनं धुतलं, फुंकलं, परत जोडलं. घाटावर उभ्या नावेत मोटर दोन मिनिटं सुरेख चालली. तो पैसे घेऊन गेला. आम्ही निघालो आणि आठव्या मिनिटाला थांबलो. दादानं झाकण उघडलं.

इथं मी एक चूक केली. त्या वेळी ती मला हुशारी वाटली. वहीच्या पानांचे फोटो काढून मी भाच्याला पाठवले. खाली लिहिलं, 'तांत्रिक सल्ला हवा आहे.'

त्याचा फोन दादाला आला. स्पीकरवर. मी शेजारीच भाकरीचं पीठ मळत होते.

"बाबा, चौदा वेळा? नदीच्या मधात?"

"पानी काई जास्त नाई."

"तुमाले पोहता येते का?"

"थोडंसं."

"आत्यानं वेळ लिहिली हाय. एका वेळी सव्वीस मिनिटं वाहून राह्यले होते तुमी. बारा बाया घेऊन. खोली रिकामी हाय बाबा. सातव्या माळ्यावर. बाल्कनी हाय."

"बाल्कनीतून नदी दिसते का?"

"पार्किंग दिसते."

दादा हसला, पण भाचा हसला नाही. रविवारी गाडी घेऊन येतो म्हणाला. तो स्वतः नावेत बसणार. जाऊन-येऊन एकदाही मोटर बंद पडली नाही, तर तो पुन्हा विषय काढणार नाही. पडली, तर मोटर विकायची, नाव गावाला द्यायची आणि दादानं त्याच दिवशी सामानासह त्याच्याबरोबर हैदराबादला जायचं.

"मंजूर," दादा म्हणाला आणि फोन ठेवला. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "वेळ बी लिहिली काय?"

मी पीठ मळत राहिले.

हातात तीन दिवस होते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असं मी ठरवलं. पहिल्या दिवशी नवा प्लग. बंद पडली. दुसऱ्या दिवशी आदिलाबादच्या पंपावरून ताजं पेट्रोल, त्यात ऑइल मोजून, माझ्या खोकल्याच्या औषधाच्या मापानं. बंद पडली. तिसऱ्या दिवशी नवी नळी. बंद पडली, आणि नेहमीपेक्षा लवकर. त्या दिवशी दादानं टाकी काठोकाठ भरली होती. मी शेऱ्यात तेवढं लिहून ठेवलं, कारण मी सगळंच लिहून ठेवते. त्याचा अर्थ लावणं वेगळं, ते त्या वहीत होत नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी दादा कपाटाशी उभा दिसला. वहिनीचा फोटो काढून रुमालात गुंडाळत होता.

"काय करतो?"

"धूळ पुसतो."

रुमालात गुंडाळून कोणी धूळ पुसत नाही. परसात जाऊन मी सगळ्या नोंदी पुन्हा वाचल्या. एक गोष्ट हाती लागली. जागा बदलत होती, वेळ बदलत नव्हती. प्रवाह जोरात असला की मोटर खडकाच्या अलीकडे थांबायची, प्रवाह मंद असला की पलीकडे, पण घाट सोडल्यापासून नेहमी सात-आठ मिनिटांनी. म्हणजे डोह निर्दोष होता. पण आठ मिनिटांत मोटरीच्या आत काय होत होतं, ते कळेना.

रविवारी भाचा आला. गाडीची डिक्की रिकामी करून आणली होती. स्वतःसाठी त्यानं केशरी जाकीट आणलं होतं, बुडू नये म्हणून. ते घालून तो घाटावर उतरला तेव्हा म्हशीसुद्धा चरायच्या थांबल्या. बायांना सुट्टी होती, तरी मुकादमीण आली आणि न विचारता नावेत बसली.

"तुमी कशाला?" दादा म्हणाला.

"सालभर बसली तुमच्या नावेत. शेवटची खेप सोडू काय? आन पोराले पाहू द्या, मान्सं बसते म्हनून."

दादानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. टाकी काठोकाठ भरली होती. मुलासमोर अर्धी टाकी बरी दिसत नाही. त्यानं दोरी ओढली, दुसऱ्या ओढीला मोटर सुरू झाली, आणि आम्ही निघालो.

दादानं खडक टाळून वेगळी वाट धरली. त्यानं काठाच्या सावलीतून नेली, जणू मोटरीला कळणारच नाही आपण कुठं आहोत ते. भाचा दोन्ही हातांनी फळी धरून बसला होता. मी घड्याळ पाहत होते. तीन मिनिटं. चार. कोणी बोलत नव्हतं. हे मुकादमिणीला सहन होईना.

"आज तुमच्या मोटरीनं फुस नाई केलं भाऊ अजून."

"काय फुस?" भाचा म्हणाला.

"रोज बंद पडली का तुझा बाप आंधी झाकन खोलते. पेट्रोल पाहाची खोड हाय त्याले, जसं बँकेत बाकी पाहाते तसं. मंग फुस होते. नव्या लोनच्याची बरनी खोलल्यावानी."

मी वही उघडली. शेऱ्याच्या रकान्यात माझ्याच अक्षरात तीन ठिकाणी होतं: 'झाकण उघडताना फुस असा आवाज.' प्लग, कार्बोरेटर, नळी, शिवी. प्रत्येक उपायाच्या आधी दादानं क्लार्काच्या सवयीनं शिल्लक पाहिली होती. प्रत्येक वेळी झाकण उघडलं होतं. पाहणं हा उपाय नव्हे, म्हणून मी ते एकदाही उपायाच्या रकान्यात लिहिलं नव्हतं.

आणि लोणच्याची बरणी.

लोणच्याच्या बरणीतून तेल झिरपू नये म्हणून आपण काय करतो? झाकणाखाली प्लास्टिकची पन्नी लावतो आणि घट्ट आवळतो. आई करायची, मी करते, आमच्याकडे घासतेलाच्या कॅनपासून तुपाच्या डब्यापर्यंत सगळ्यांना हाच इलाज. पहिल्या दिवशीच्या यादीतलं सातवं काम मला आठवलं. टाकीच्या झाकणातून पेट्रोल उडतं. खूण बरोबरची.

टाकीच्या झाकणाला वर बारीकसं भोक होतं. पेट्रोल तिथूनच उडत होतं. पण ते भोक हवा आत घ्यायला होतं. पेट्रोल खाली उतरतं तेवढी हवा वरून आत जायला हवी, नाहीतर टाकी आतल्या आत ओढ धरते आणि पेट्रोल अडतं. टाकी काठोकाठ असली की आत हवा थोडी, मग ते लवकर अडतं. हे सगळं मला त्या एका क्षणात समजलं, आणि त्याच क्षणी मोटर खोकली.

दादाचा चेहरा उतरला. भाच्यानं डोळे मिटले. मोटर दुसऱ्यांदा खोकली.

मी मुकादमिणीच्या मांडीवरून मोटरीकडे झेप घेतली. नाव कलली. "अवो बाई!" ती ओरडली. "हात नको लावू!" दादा ओरडला. मी झाकण फिरवलं. फुस. मोटर बुडत्या माणसासारखी एकदा गचकली, मग तिला दम मिळाला आणि ती परत एका लयीत चालू लागली. मी झाकणातून पन्नी ओढून काढली आणि झाकण तसंच परत लावलं.

"आत्या, ते काय हाय?"

पन्नी लपवता आली असती. नदी चारी बाजूंना होती. पण आठ मिनिटांत खडकावर येऊन थांबणाऱ्या मोटरीसारखं माझंही आहे. मी फार वेळ दाबून धरू शकत नाही.

"पन्नी," मी म्हणाले. "कापसाच्या बियाण्याच्या पिशवीची. मी लावली होती. यायच्या दिवशी."

ती मी कात्रीनं छान गोल कापली होती. मधोमध कापसाच्या बोंडाचं चित्र आलं होतं.

मुकादमीण इतकी हसली की नावेत पाणी आलं. "बाईनं मोटरीचं लोनचं घातलं! दहा दिवस मुरवलं!" भाच्यानं माझ्याकडे पाहिलं, पन्नीकडे पाहिलं. भोकातून उडालेले पेट्रोलचे दोन थेंब त्याच्या केशरी जाकिटावर पडले. दादा हसला नाही. तो पुढे पाहत राहिला. वळण आलं, त्यानं पल्याडच्या काठाला नाव टेकवली, क्षणभर थांबून वळवली, आणि काळ्या खडकाच्या अगदी जवळून, हात लावता येईल इतक्या जवळून, परत आणली. आठ मिनिटं झाली, दहा झाली, चौदा झाली. घाटावर आल्यावर त्यानं स्वतःच्या हातानं मोटर बंद केली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती त्याच्या सांगण्यावरून थांबली होती.

"पडली का बंद?" त्यानं मुलाला विचारलं.

"पडनार होती. आत्यानं हात लावला म्हनून."

"अट काय होती? पडनार होती का पडली?"

क्लार्काशी अटीवरून वाद घालू नये हे भाच्याला लहानपणापासून माहीत असावं. तो जाकीट काढत म्हणाला, "नाई पडली. पन बाबा, मले रोज संध्याकाळी भेव वाटते. फोन लागत नाई नदीवर. तुमी घाटावर आले का नाई, कसं कळनार?"

दादा बराच वेळ दोरखंडाची गाठ मारत राहिला. ती गाठ मारायला एवढा वेळ लागत नाही.

"नाव बांधली का मेसेज टाकतो," तो म्हणाला. "रोज."

दुपारी भाचा एकटाच परत निघाला. डिक्कीत ज्वारी, एक कोहळा आणि लोणच्याची बरणी. बरणी भरताना माझा हात आपोआप पन्नीच्या डब्याकडे गेला आणि मी मध्येच थांबले.

"लाव, लाव," दादा दारातून म्हणाला. "तिथं चालते."

मग तो आत गेला. कपाट उघडल्याचा आवाज आला. मी डोकावले तेव्हा वहिनीचा फोटो भिंतीवर लागला होता आणि दादा खांद्यावरच्या रुमालानं खरोखरच धूळ पुसत होता.

माझी सुट्टी अजून चार दिवस बाकी होती, पण दुसऱ्या सकाळी माझी पिशवी ओट्यावर भरून ठेवलेली होती. मी भरली नव्हती. ऑटोत बसताना दादानं माझ्या वहीतून फाडलेलं एक पान मला दाखवलं आणि मोटरीला चिकटवायला घेऊन गेला. त्यावर एकच कलम होतं: 'बहिणीने टाकीस हात लावू नये.' खाली सही, तारीख, आणि शाळेला परत करायचा राहून गेलेला शिक्का.

तेव्हापासून रोज संध्याकाळी सहा-सव्वासहाला भाच्याला मेसेज जातो: 'नाव बांधली.' महिनाभर मला काहीच आलं नाही. मला ते भाच्याकडून कळायचं आणि मी वेळेसकट वहीत लिहायचे. मग एका संध्याकाळी मलाही आला:

'नाव बांधली. झाकनातून पेट्रोल उडून राह्यलं. तू काई सांगू नको.'

मी तीन उपाय लिहून काढले, क्रमानं. पाठवले नाहीत.